भात वाढला

"एकवीस दिवस, काकू! एका महिन्यात एकवीस दिवस भात वाढला. तुम्हीच लिहिलंय हे."

"मीच लिहिलं. नाही कुठं म्हणते? दोन महिन्यांपासून लिहून राहिले. पण वाचतं कोण?"

"मी वाचते ना! एकेक पान वाचते."

"वाचलं असतं तर दिवसाला चव्वेचाळीस किलो पाठवला असता तांदूळ? साठचा बावन्न केला, बावन्नचा चव्वेचाळीस. एकशेचाळीस माणूस आहे तिथं, बाई. बोगदा खोदतात ते. फायली नाही उलटवत."

"तेच तर म्हणतेय मी! कमी केला तरी वाढतोच आहे. जितका कमी करते तितका जास्त वाढतो. असं कसं होतं, सांगा ना मला."

"कमी केल्यावर वाढणारच! यात सांगायचं काय? दुसरीतलं पोरगंही सांगेल."

क्षितिजाने पेन टेबलावर आपटलं. पेन घरंगळत खाली पडलं, तेव्हा सुलभाबाईंनीच वाकून ते उचललं आणि तिच्यासमोर ठेवलं. भांडताना वस्तू टाकू नयेत, असं त्यांचं मत होतं. भांडण तोंडाने करावं.

भोपाळच्या जवाहर चौकातल्या भांड्यांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर हे ऑफिस. खाली कोणीतरी पातेली रचत होतं, त्याचा खणखणाट वर ऐकू येत होता. शहरापासून लांब, आडरानात चालणाऱ्या कामांवरच्या मजुरांना जेवण पुरवणारी ही छोटी कंपनी. तिच्या पाच मेस, पाच ठिकाणी. त्यातली एक सुलभाबाई गावंडे सांभाळत. आणि पाचही ठिकाणी अन्न वाया किती जातं, याचा हिशोब क्षितिजा आगाशे ठेवत असे. क्षितिजा सव्वीस वर्षांची. आईवडील पुण्याहून नोकरीनिमित्त आलेले, पण ती जन्मली आणि वाढली ती इथल्याच बरखेड्याच्या, कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये. घरात मराठी, दाराबाहेर पाय ठेवला की हिंदी. तिच्या टेबलावर पाटी होती, 'सस्टेनेबिलिटी ऑफिसर'. सुलभाबाईंना तो शब्द उच्चारता येत नसे. त्या तिला 'उष्ट्याची मॅडम' म्हणत. अर्थात तिच्या पाठीमागे.

आज भांडणाचं कारण एक कागद होता. काल रेशनच्या जीपबरोबर साइटवर पोचला होता आणि तो आणि मेसच्या हिशोबाची वही घेऊन सुलभाबाई पहाटेच निघून, साडेतीन तास धक्के खात भोपाळला आल्या होत्या. कागदावर लिहिलं होतं की साइटवर अन्न फार वाया जात असल्यामुळे सोमवारपासून तिथला स्वयंपाक बंद. भोपाळहून तयार जेवणाची पाकिटं जातील.

"साडेतीन तासांचं पाकीट," सुलभाबाई म्हणाल्या. "सकाळी सातला भरणार, दुपारी दोनला मजूर खाणार. तू खाशील?"

"इन्सुलेटेड बॉक्स असतात, काकू."

"बॉक्स गरम राहील. भाताचं मी विचारते."

*

सुलभाबाई मूळच्या पुलगावच्या. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन भोपाळला आल्या. नवरा, जयंतराव, मोठ्या सरकारी कारखान्यात फिटर. बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये सुलभाबाईंनी डबे सुरू केले. महाराष्ट्रातून नव्याने आलेली, एकटी राहणारी पोरं त्यांची गिऱ्हाइकं. संध्याकाळी डबे परत आले की सुलभाबाई ते लगेच घासायला टाकत नसत. आधी ओट्यावर मांडून एकेक उघडत. कोणाच्या डब्यात पोळीचे काठ राहिले, कोणी भाजी तशीच ठेवली, कोणाचा भात रोज चार घास उरतो. दुसऱ्या दिवशी त्या डब्यात तेवढं बदललेलं असे. एक इंजिनिअर आठवडाभर वरण परत पाठवत होता. त्याला त्यांनी दारात गाठून विचारलं, "दात दुखतो की मन?" तर त्याचं घरच्यांशी वाजलं होतं आणि वरण पाहिलं की त्याला आई आठवत होती. मग त्याला कढी.

जयंतराव रिटायर झाले, क्वार्टर सुटलं आणि दोघं साकेत नगरला दोन खोल्यांत आले. हॉस्पिटल जवळ, हा जयंतरावांच्या हृदयाचा हट्ट. डबे बंद पडले. सहा महिने सुलभाबाईंनी फक्त दोघांसाठी रांधलं आणि त्यांना कसंसंच व्हायला लागलं. "दोन माणसांचा भात शिजवते मी," त्या एकदा म्हणाल्या, "पातेल्याच्या बुडाशी जाऊन शोधावा लागते."

मग हे काम आलं. विंध्याच्या डोंगरात पाण्याचा बोगदा खोदायचं काम चाललं होतं. शेवटचे चौदा किलोमीटर कच्चा रस्ता, भोवती सागाचं जंगल, फोनला रेंज नाही. आधीचा मेसवाला उरलंसुरलं सगळं मागच्या नाल्यात ओतायचा. पहिल्यांदा माश्या आल्या. मग रानडुकरं. मग एका सकाळी अस्वल आलं आणि कढईत तोंड घालून बसलं. चौकीदार पळताना पडला, पाय मोडला. वनखात्याची नोटीस आली, मेसवाला गेला आणि सुलभाबाई आल्या. साठीला दोन वर्षं कमी असताना. जयंतराव म्हणाले, "जा. तू इथं असलीस की मला दुधी खावा लागतो."

त्यांनी पहिला आठवडा फक्त पाहिलं. बोगद्याच्या तोंडाशी एक फळा असतो. आत जाणारा प्रत्येक माणूस आपल्या नंबरचा पितळी बिल्ला त्यावर अडकवून जातो, बाहेर आला की काढून घेतो. आत काही झालं तर कोण आत आहे ते कळावं, म्हणून. सुलभाबाई तो फळा बघून तांदूळ धुवायला लागल्या. बिल्ले ब्याण्णव, तर ब्याण्णवांचा भात. उरलेल्यांचा दुसरा घाण, त्यांची पाळी आली की. आधीचा मेसवाला सकाळीच एकशेचाळिसांचं एकदम शिजवून मोकळा व्हायचा.

वाढायला त्या स्वतः उभ्या राहत. पहिल्यांदा अर्धीच भातवाढी. मग मागाल तितक्यांदा.

"मौसी, इतना सा?" झारखंडहून आलेला मुंडा फोरमन पहिल्या दिवशी म्हणाला होता.

"फिर आ. दस बार आ. मैं भाग रही हूँ क्या कहीं?"

महिन्याभरात ताटांत उष्टं राहायचं जवळजवळ थांबलं. साली, देठं, जे काही खरकटं निघे ते मागच्या खड्ड्यात. एक थर खरकटं, एक थर सागाचा पाला, एक थर माती, वर पत्रा, आणि पत्र्यावर बोगद्यातून निघालेले दगड. ते दगड डुकराला हलत नाहीत. चार महिन्यांनी खड्ड्यातून काळंभोर खत निघालं आणि त्यावर स्वयंपाकघरामागे मेथी आणि भोपळ्याचे वेल लागले. पहिला भोपळा सुट्टीत घरी नेला तेव्हा जयंतरावांनी तो हातात तोलून पाहिला. "भोपाळच्या बाईला भोपळा! अजून काय पाहिजे?"

अस्वल परत आलं नाही. सुलभाबाईंना त्याचं थोडं वाईटही वाटलं. गिऱ्हाईक होतं तेही.

आणि मग ऑफिसने वही पाठवली. तारीख, पदार्थ, जेवणारे, वजन, शेरा. दर आठवड्याला जीपवाल्याने पानांचे फोटो काढून क्षितिजाला द्यायचे. उरलेलं मोजायला लटकवायचा काटाही येणार होता. तो आला नाही. 'पुढच्या व्हिजिटला आणते,' असं क्षितिजाने चिठ्ठीत लिहिलं होतं, आणि व्हिजिट काही झाली नाही. चौदा किलोमीटर कच्चा रस्ता सगळ्यांनाच माहीत होता.

सुलभाबाईंनी इमानदारीने वही भरली. पहिल्या महिन्यात सहा दिवस शेऱ्यात 'भात वाढला' लिहिलं. पुढच्या महिन्यात रोजचा तांदूळ आठ किलोंनी कमी आला. त्यांना आश्चर्य वाटलं. त्यांनी अधिक वेळा 'भात वाढला' लिहिलं. तांदूळ अजून आठ किलोंनी कमी. मग त्यांनी जवळपास रोजच लिहिलं, एकदा तर शब्दाखाली दोन रेघा मारल्या. दुसऱ्या घाणातल्या शेवटच्या वीस-पंचवीस माणसांना त्या उकडलेले बटाटे देत, खालच्या गावातून आणलेल्या मक्याच्या भाकरी देत, घट्ट पेज देत. मुंडा फोरमन रिकाम्या पातेल्यात डोकावून विचारी, "मौसी, भात खतम?" आणि त्या म्हणत, "रुक, दूसरी चीज़ लाती हूँ."

त्या कधी खतम म्हणाल्या नाहीत.

*

"चहा घ्या काकू, थोडा," क्षितिजा म्हणाली. दोघी ओरडून दमल्या होत्या. तिने टेबलावरचा थर्मास पुढे सरकवला. सकाळचाच होता तो.

दार ढकलून परीक्षित आत आला. कंपनी त्याची. हातात पोहे-जलेबीचा पुडा, कानात इअरफोन, फोन खिशात. "अरे, सुलभाताई! तुम्ही कशाला आलात एवढं लांब? मीच निरोप देणार होतो. तुमचं सगळं नीट बसवलंय मी. पाकिटांचं किचन इथेच, साकेत नगरपासून दहा मिनिटं. तुम्ही तिथं इन्चार्ज. रोज घरी. जयंतरावांची तब्येत, तुमचे गुडघे… आता या वयात जंगलात काय करायचंय?"

रोज घरी, हे शब्द सुलभाबाईंना लागले. जयंतराव हल्ली एकटेच गोळ्यांची डबी भरत आणि कधी कधी मंगळवारच्या गोळ्या बुधवारी घेत.

"आणि तिथली माणसं?" त्यांनी विचारलं.

"त्यांना पाकिटं. मोजून. वेस्ट झिरो."

"पाकीट उघडून आवडलं नाही तर?"

"तर नाल्यात," क्षितिजा पुटपुटली.

सुलभाबाईंनी कपात चहा ओतायला थर्मास वाकडा केला. दोन थेंब पडले. त्यांनी तो हलवून पाहिला, झाकण लावलं आणि बाजूला ठेवला.

"चहा वाढला गं," त्या म्हणाल्या.

"कुठे वाढला?" क्षितिजा वैतागून म्हणाली. "संपलाय तो!"

"तेच म्हटलं मी."

"काय?"

"वाढला."

क्षितिजा थर्मासकडे पाहत राहिली. मग वहीकडे.

"काकू," तिने फार हळू विचारलं, "वाढला म्हणजे?"

"म्हणजे वाढला. पातेलं रिकामं. अन्नाला संपलं म्हणू नये घरात. आमची आई मीठ वाढलं म्हणायची, तांदूळ वाढले म्हणायची. कुंकवालाही. तुमच्याकडे नाही म्हणत?"

"मी… मी वाढला म्हणजे बढ़ गया धरलं. ज़्यादा झाला. म्हणजे उरला."

"उरला तर मी उरला नसतं लिहिलं? मराठी शब्द आहे की तो चांगला."

"एक मिनिट," परीक्षित म्हणाला. जलेबी त्याच्या हातात तशीच राहिली होती. "मला तर वाटायचं, भात वाढला म्हणजे पानात वाढला. की बुवा, जेवणं झाली." आणि तो मोठमोठ्याने हसायला लागला. कोणी साथ दिली नाही, तेव्हा थांबला.

क्षितिजा पानं उलटत होती. "म्हणजे हे सगळे दिवस भात कमी पडला."

"सगळे नाही. पहिल्या महिन्यात बरोब्बर झाला होता. सगळे जेवले आणि एक शीत नाही उरलं. शाबासकीचं होतं ते. पुढचं रडण्याचं."

"मग वजनाचा रकाना रिकामा का ठेवलात?"

"काटा कुठंय? आणि असता तरी वजन कशाचं लिहू? रिकाम्या पातेल्याचं?"

"मी दर वेळी आठ किलो धरले," क्षितिजा म्हणाली. "वजन नसेल तर सरासरी धरायची असते."

"कोणाची सरासरी?"

"…हॉटेलांची."

सुलभाबाईंनी पदराने मान पुसली. दोन महिने त्यांनी ऑफिसला शिव्या घातल्या होत्या, भट्टीपाशी उभं राहून, मोठ्याने. आता शिव्या घालायला समोर होती ती ही पोरगी, तिचे कान लाल झाले होते आणि ती थर्मासचं झाकण उगाच फिरवत होती.

परीक्षित खुर्चीत बसला. "ठीक आहे. ग़लती झाली. पण रिपोर्ट बोगदावाल्या कंपनीकडे गेलाय. त्यांनी पाकिटं मंजूर केलीत. आता मी त्यांना काय सांगू, की आमच्या बाई शुभ बोलतात? आणि सुलभाताई, चूक तुमचीही आहे. सरळ लिहायचं ना."

"आहे," सुलभाबाई म्हणाल्या. "माझीही आहे."

त्यांच्या डोळ्यांसमोर मुंडा फोरमन आला, रिकाम्या पातेल्यात डोकावणारा. तो सरळ विचारायचा. त्यांच्या तोंडून एक शब्द निघत नव्हता, म्हणून तो दोन महिने बटाटे खात होता.

"वही दे इकडं," त्या क्षितिजाला म्हणाल्या. "आणि ते पेन."

त्यांनी पहिलं पान उघडलं. 'वाढला'वर आडवी रेघ मारली आणि पेन तिथंच थांबलं. क्षितिजाला वाटलं, शाई गेली. शाई होती. सुलभाबाईंनी एकदा भिंतीवरच्या गणपतीच्या कॅलेंडरकडे पाहिलं, मग पाठ थोडी तिकडून वळवून घेतली आणि लिहिलं, 'संपला'. पुढे, 'संपला'. 'संपला, २५ माणसं बाकी.' 'संपला, ३० बाकी, भाकरी दिली.' प्रत्येक दिवस त्यांना आठवत होता. किती जण राहिले, काय दिलं, कोण काही न बोलता उठून गेलं. पहिल्या महिन्याच्या सहा दिवसांपुढे त्यांनी जोडलं, 'सगळे पोटभर.' अक्षर पानागणिक घट्ट होत गेलं. शेवटच्या पानावर त्यांनी आपली सही केली.

क्षितिजाने वही ओढून घेतली. सहीखाली लिहिलं, 'वाचण्यात चूक माझी. साइट न पाहता आकडे धरले. क्षितिजा आगाशे.' फोटो काढले आणि परीक्षितने काही म्हणायच्या आत पाठवून दिले.

"अगं! मला विचारशील की नाही?"

"तुम्ही वाचलं असतं, सर, आणि पानात वाढला म्हणाला असतात."

सुलभाबाईंना हसू आलं. त्यांनी एक जलेबी उचलली.

वीस मिनिटांनी परीक्षितचा फोन वाजला. तो खिडकीपाशी जाऊन "हां जी… जी सर… बिल्कुल सर" करत राहिला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा धड पडलेला नव्हता, धड उजळलेला नव्हता.

"सात दिवस थांबतो म्हणाले. पण वहीवर विश्वास नाही. जुन्याही नाही आणि नव्याही नाही. तांदूळ रोज साठ किलो पाठवा, सात दिवस दोन्ही वेळचं उरलेलं काट्यावर मोजा, आणि मोजणारा माणूस ऑफिसचा पाहिजे. मेसचा नको. आकडे चांगले आले तर स्वयंपाक तिथेच राहील. नाही आले तर पाकिटं."

"येतील चांगले," सुलभाबाई म्हणाल्या.

"तुम्ही राहणार म्हणता? इथली जागा सोडून?"

"आमच्या ह्यांना गोळ्यांच्या डबीवर वार लिहून देईन, ठळक. वाचतात ते. सरळ लिहिलं की."

खाली जीपचा हॉर्न वाजला. एकला निघायची जीप, आणि वाटेत कुठेच थांबायची नाही, कारण रात्रीच्या पाळीचा तांदूळ पाचच्या आत भिजत पडायला हवा होता. सुलभाबाईंनी पिशवी उचलली.

"पण माणूस कोण पाठवू मी?" परीक्षित म्हणाला. "सात दिवस, त्या जंगलात? नेटवर्क नाही. अस्वल काय, डुक्कर काय. क्षितिजाचं शनिवारी प्रेझेंटेशन आहे इथे, ते काही सुटत नाही. सांग ना क्षितिजा, कोण जाणार?"

क्षितिजा टेबलाखाली वाकली. दोन महिने तिथे पडलेला, टेपही न फाडलेला काट्याचा खोका तिने ओढून बाहेर काढला आणि त्यावरची धूळ ओढणीने पुसली.

"क्षितिजा? मी काहीतरी विचारतोय. शनिवारचं काय?"

तिने खोका काखेत मारला, वही पर्समध्ये कोंबली, सुलभाबाईंच्या हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि जिना उतरून गेली.